रेगेसाहेबांच्या भाकऱ्या

लस घेतल्याचा आज आठवा दिवस; सुगंधाबाई अजून पडूनच होत्या आणि कारखान्याचे जनरल मॅनेजर रेगेसाहेब त्यांच्या ओट्याशी भाकरी थापत होते. आजच्या भाकरीला पहिल्यांदाच गोल म्हणता आलं असतं.

कारखान्याच्या निवृत्ती योजनेत आता पैशांऐवजी तारुण्याची लस मिळायची. ती घेतली की आठ दिवस पाठ टेकून राहायचं, मगच शरीर दहा वर्षं मागे जायचं. साहेबलोकांना ते जमे. पॅकिंगमधल्या बायका मात्र "आठ दिवस झोपलो तर घरचं कोण बघणार?" म्हणत आणि लस सोडून देत. मग कायदा आला : निम्म्या कामगारांनी लस घेतल्याशिवाय साहेबांना ती मिळणार नाही. समानतेच्या या चाचणीत कारखान्याला नेमकी एक बाई कमी पडत होती. पॅकिंगमधल्या सुगंधाबाई तयार झाल्या, पण आठ दिवस घरचं साहेबांनी बघायचं या अटीवर.

"बाई, उठू नका हं! माझे गुडघे तुमच्या हातात आहेत," साहेब कळवळून म्हणाले.

"आणि माझी भाकरी तुमच्या. करपतेय बघा."

संध्याकाळी मनगटावरच्या पट्टीत हिरवा दिवा लागला. सुगंधाबाई भिंतीला हात न लावता उठल्या, सहा वर्षांत पहिल्यांदाच. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते कुणाच्या गुडघ्यांसाठी, हे बाईंनी विचारलं नाही. कायदा लिहिणाऱ्या त्या अनोळखी माणसाला त्यांनी मनोमन हात जोडले आणि साहेबांसाठी आलं घालून चहा टाकला.

"पुढची लस दहा वर्षांनी ना, साहेब? तोवर पुरणपोळी शिकून घ्या."