तांबूस पितळेचा ट्रम्पेट

मिरजेतल्या बँडमध्ये धोंडीराम सकट्यांना सगळे मामा म्हणत. त्यांच्या ट्रम्पेटचा कर्णा तांबूस पितळेचा होता. त्या पितळेत तांबं जास्त, म्हणून सूर कानाला टोचत नसे; मामांनी पाठवणीचं गाणं वाजवलं की वराकडच्यांचेही डोळे भरून यायचे.

त्या सकाळी मिरवणूक होती मुलींच्या वसतिगृहाच्या अध्यक्षाची. मुलींवर हात टाकल्याच्या गुन्ह्यात तो जामिनावर सुटला होता आणि गळाभर हार घालून उघड्या जीपमधून हात जोडत होता.

"मामा, गोडसं काहीतरी वाजवा!" बँडमास्तर म्हणाला.

मामांनी ट्रम्पेट ओठांना लावला, तेवढ्यात अध्यक्षाने खाली वाकून एका शाळकरी पोरीचा गाल कुरवाळला. पोरगी अंग चोरून आईमागे लपली. लोक हसले. मामा गटारीशी बसून भडाभडा ओकले.

"मामा, बरं नाही का?" बँडमास्तरने धावत येऊन विचारलं.

"मला काही झालं नाही," जीपपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात मामा म्हणाले. "या माणसाची किळस आली."

हसणं थांबलं. मामांनी ट्रम्पेट पिशवीत घातला आणि घराची वाट धरली. मागे ढोल थोडा वेळ एकटाच वाजला, मग तोही गप्प झाला.