लिंबूटिंबू

"पकडायचा नाही हो! मारायचा!" आरोही ओरडली.

धनराजच्या हातात चेंडू तसाच होता. त्याचं सगळं लहानपण गल्लीत क्रिकेट खेळण्यात गेलेलं. चेंडू समोर आला की हात आपोआप झेल घ्यायचे. पंचवटीतल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, स्कूटर बाजूला सरकवून, दहा वर्षांची आरोही आपल्या आईच्या नव्या नवऱ्याला वॉल हँडबॉल शिकवत होती. भिंत बिचारी मुकाट मार खात होती.

"परत ऐका. तळहाताने मारायचा. आधी जमिनीवर टप्पा, मग भिंतीवर. तिथून आला की दुसऱ्याने मारायचा. पण एकाच टप्प्यात. पकडला किंवा दोन टप्पे पडले की आउट."

"म्हणजे मी आउट?"

"नाही. तुम्ही लिंबूटिंबू."

शेजारची रोशनी खेळायला आली होती, ती खुदकन हसली. मोठ्यांच्या खेळात घुसलेल्या चिमुरड्या भावंडाला मिळतो तो मान चाळिशीला टेकलेल्या माणसाला मिळाला होता. लिंबूटिंबूने कितीही चुका केल्या तरी तो आउट होत नाही. कारण तो खेळात धरलेलाच नसतो.

धनराजला ते लागलं. घरातही हेच चाललं होतं. लग्न झाल्यापासून आरोही त्याच्याशी पाहुण्याशी वागावं तशी वागायची. रिमोट मागितला की लगेच द्यायची, शेवटची जिलबी त्याच्या ताटात वाढायची. हट्ट नाही, रुसवा नाही. त्याला या पोरीचा बाप व्हायचं होतं, आणि ती त्याला नुसती सांभाळून घेत होती.

"मला सूट नको," तो म्हणाला. "चुकलो तर आउट दे."

आरोहीने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "मग रडायचं नाही."

तो जीव तोडून खेळला. तळहात लालबुंद झाला. आधी रोशनी आउट होऊन पायरीवर जाऊन बसली. मग आरोहीने चेंडू पार कोपऱ्यात मारला. धनराज धावला, वाकला आणि कसाबसा त्याने तो परतवला.

"दोन टप्पे! आउट!"

"एकच होता!"

"दोन! मी पाहिले ना!"

"चष्मा लागलाय तुला!"

"चीटर आहेस तू! रडका!"

"तूच रडकी!"

वर उज्वलाने भाजीखालचा गॅस बंद केला आणि ती गॅलरीत आली. खाली तिचा नवरा आणि तिची लेक कमरेवर हात ठेवून एकमेकांवर तुटून पडले होते. आवाज ऐकून शेजारच्या लंकाबाईही बाहेर आल्या.

"अगं बाई, लय भांडण लागलंय गं दोघांचं! जा ना खाली, सोडव."

उज्वलाने ओढणीने डोळे टिपले.

"नको हो मावशी," ती म्हणाली. "आत्ता कुठे सुरुवात झालीये."