तीन नंबर

पंचायतीच्या भोंग्यात शिपाई मारोतीचाच आवाज भरलेला होता, आधी कन्नडात, मग मराठीत. कुठूनही भोंग्याच्या नंबरला फोन लावायचा. एक दाबलं की ‘नळाला पाणी सुटलंय’, दोनला रेशन, तीनला ‘गावात मयत झालीय, माणसं जमा व्हा’. बिदरच्या दवाखान्यात पडल्या पडल्याही तो रोज सकाळी पाण्याच्या वेळेला एक दाबायचा. तिकडं औरादजवळच्या गावात बायको भागाबाईला कळायचं, मालक बरे हायत.

आज त्याच्या फोनवरनं लेकीनं, पंचशीलानं, एक दाबलं. लगेच आईचा फोन आला.

“बोलले बघ भोंग्यात. बरं हाय न्हवं?”

“आई, आज सगळी भांडी भरून ठेव. पाणी लई लागंल.”

“कामून गं? सुट्टी द्यायलेत का?”

“व्हय. घरी आणायलाव आज.”

आईचं पाणी भरून होईल एवढा वेळ पंचशीला थांबली. खाटेवर तोंडावरनं ओढलेल्या चादरीकडं तिनं पाहिलं नाही. जे तिच्या तोंडून निघत नव्हतं, ते अप्पानं भोंग्यात कधीच बोलून ठेवलं होतं. तिनं तीन दाबलं.

फोन पुन्हा वाजला.

“पंचशीला, कोण गेलं गं गावात? अप्पाला इचार की.”