शिस्त

दुबईची नोकरी सुटून अदीब घरी बसला, तेव्हा मुबीनाने स्वतःच अर्ज लिहिला आणि पनवेलच्या बँकेची पायरी चढली. ‘केवडा हाइट्स’मधल्या फ्लॅटचा हप्ता सहा महिने थांबवा, एवढंच तिचं मागणं. फ्लॅट म्हणजे तरी काय, तीन वर्षांत इमारत जोत्याच्या वर आलेली नव्हती.

“साहेब, आजवर एक हप्ता चुकवला नाही. यांना काम लागलं की व्याजासकट भरू.”

मॅनेजरने अर्ज न वाचताच परत सरकवला. “मॅडम, अशा सवलती वाटत बसलो तर लोकांना शिस्त म्हणून राहायची नाही. हप्ता थकला तर फ्लॅट जप्त होईल, आत्ताच सांगून ठेवतो.”

“करा की जप्त. तेवढ्यासाठी तरी तो बांधून होईल,” मुबीना म्हणाली आणि उठली.

दारात शिपायाने तिच्यापुढे पेढ्यांचा बॉक्स धरला.



“घ्या भाभी, तोंड गोड करा. ‘केवडा हाइट्स’च्या बिल्डरशेठनी पाठवलेत. त्यांचं कर्ज साहेबांनी दोन वर्षं पुढे ढकललं ना आज.”