ओंजळीतला मासा

टाकीतला गोल्डफिश पोट वर करून तरंगत होता. दिगंबररावांनी जाळी आणली. "मंदा, जाऊ दे आता त्याला."

"बोट नेलं की तोंड उघडतोय," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "भूक आहे, म्हणजे जगायचंय त्याला."

दुकानदाराने त्याच्या पोटातली हवेची पिशवी बिघडल्याचं सांगून दुसरा मासा घ्यायला सुचवलं होतं. बाईंनी ते मनावर घेतलं नाही. टाकीतलं पाणी उथळ केलं, मटार उकडून सोलला आणि माशाला ओंजळीत धरून रोज कणकण भरवला. पुढे मटार सोलायला दिगंबररावही बसू लागले.

महिन्याभरात मासा सुलटा झाला, पण एका बाजूला कललेलाच राहिला.

"तिरका का पोहतो हा?" घरी आलेल्या व्याह्यांनी विचारलं.

मंदाकिनीबाई बोलायच्या आत दिगंबरराव म्हणाले, "तशी चालच आहे त्याची."