सहावी फेरी

माणसाच्या मनाचा थांग कुणालाही लागत नाही, असं थोरामोठ्यांनी सांगून ठेवलं आहे. आरोग्य खात्याला तो एकवीस प्रश्नांत आणि सात मिनिटांत लागत होता. तोही फोनवरून.

साथीच्या काळात लोकांची मनं कशी चालली आहेत हे बघायचं, म्हणून दर महिन्याला त्याच माणसांना तेच प्रश्न. ही सहावी फेरी. प्रश्न विचारणाऱ्या बाई आपल्या घरी, कपड्यांच्या कपाटाला पाठ लावून, इस्त्रीच्या टेबलावर कागद पसरून बसल्या होत्या. बाहेरच्या खोलीत नवऱ्याचं ऑफिस भरलं होतं, आतल्या खोलीत मुलीचं कॉलेज. घरात तीन माणसं होती आणि तिघंही दुसऱ्याच कुणाशी तरी बोलत होती.

खात्याचे नियम होते. आवाज सपाट ठेवायचा. ‘अरेरे’ म्हणायचं नाही, ‘छान’ म्हणायचं नाही. ‘बरं’ चालेल. समोरच्याला प्रश्न समजला नाही, तर तो जसाच्या तसा पुन्हा वाचायचा, समजेपर्यंत.

एकशे चौदा नंबर म्हणजे वजनमापांचे एक निवृत्त निरीक्षक. एकटे राहायचे. जन्मभर दुकानदारांचे तराजू तपासलेला माणूस, म्हणून बाईंनी मनातल्या मनात त्यांना काटेकाका करून टाकलं होतं. पहिल्या तीन फेऱ्यांत काकांचे गुण दोन, तीन, दोन. म्हणजे मन ठणठणीत. चौथ्या फेरीत एकदम पंधरा. पाचवीतही पंधराच, ना एक कमी ना एक जास्त. पंधरा झाले की पुरवणी उघडायची : आणखी तीस प्रश्न, ‘दिवस कसा घालवता’ छापाचे. त्यात पाऊण तास सहज जायचा. बुडाला पोखरलेली वजनं, बटाट्याच्या पोत्यात लपवलेला दुसरा तराजू, अशा एकेक कथा निघायच्या. मागच्या पुरवणीत बाई इतक्या हसल्या होत्या, की मुलीने दार वाजवून विचारलं होतं, “आई, रडतेयस का?”

आज सकाळी परिपत्रक आलं होतं. सलग तीन फेऱ्यांत पंधरा गुण झाल्यास तो क्रमांक समुपदेशकांकडे सोपवावा व यादीतून कमी करावा. ही बाब उत्तर देणाऱ्यास कळवू नये.

म्हणजे काका आज पुन्हा पंधरावर गेले, की गेले. ते खरोखरच खचले असतील, तर त्यांनी जायलाच हवं होतं. पण ते खचलेत की नाही, हेच बाईंना कळत नव्हतं. पाच वेळा एकवीस प्रश्न विचारूनही.

“गेल्या दोन आठवड्यांत झोप न लागण्याचा त्रास किती दिवस झाला?” त्यांनी वाचलं. “एकही दिवस नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, की जवळजवळ रोज?”

“जवळजवळ रोज!” काका उत्साहाने म्हणाले. “तीन गुण.”

“गुण मी मोजायचे असतात.”

“बरोबर. सवय हो, दुसरं काय. पुढचा?”

“काका,” बाई म्हणाल्या. हा शब्द प्रश्नावलीत नव्हता. “खरंच झोप लागत नाही का हो तुम्हाला?”

पलीकडे खुर्ची करकरली.

“बाई, हे सगळं रेकॉर्ड होतं ना?”

“होतं. पण ऐकणारे साहेबच आजारी आहेत. तीन आठवडे झाले.”

“मग सांगतो. नऊला पडतो तो सहाला उठतो. ढाराढूर. शेजारचे भिंतीवर थापा मारतात, घोरणं ऐकून. चौथ्या वेळी गुडघ्याने छळलं होतं, तेव्हाचं खरं होतं. पण तेव्हाच कळलं, की पंधरा झाले तर तुम्ही जास्त वेळ बोलता. छत्तीस वर्षं दुसऱ्यांचे काटे तपासले, बाई. पाव किलोत दहा ग्रॅम कमी दिले म्हणून एकाचं दुकान बंद करायला लावलं. आणि या वयात मीच काटा मारला.”

बाईंनी ‘अरेरे’ म्हटलं नाही. “बरं,” त्या म्हणाल्या, पण आवाज काही सपाट निघाला नाही. “आता खरी उत्तरं द्या. पहिल्यापासून.”

खरे गुण तीन झाले. काका यादीत राहिले. वेळ सात मिनिटं. पुरवणी नाही.

“संपलं?”

“संपलं.”

फोन मात्र कुणीच ठेवला नाही.

“बाई, तो झोपेचा प्रश्न,” काका हळूच म्हणाले. “मला नीटसा समजला नाही. समजला नाही तर पुन्हा वाचता ना तुम्ही? दर वेळी सुरुवातीला सांगता तसं.”

“वाचावाच लागतो,” बाई म्हणाल्या. “समजेपर्यंत.” आणि त्यांनी तो वाचला.

“हं. म्हणजे समजा, तुम्हालाच कुणी विचारलं, तर तुम्ही काय सांगाल? आपलं उदाहरण म्हणून.”

बाईंनी दाराकडे पाहिलं. बाहेर नवरा कुणाला तरी ‘माझा आवाज येतोय का’ असं तिसऱ्यांदा विचारत होता.

“निम्म्याहून जास्त दिवस,” त्या म्हणाल्या.

“बरं,” काका म्हणाले. त्यांनाही आवाज सपाट ठेवणं जमलं नाही. “पुढचा वाचा. तोही नाही समजला मला.”

त्या दिवशी एकशे चौदा नंबरला एकवीसच्या एकवीस प्रश्न समजले नाहीत. पन्नास मिनिटं लागली. बाईंनी नियमाप्रमाणे तशी नोंद केली.

खात्याने नोंदीची तातडीने दखल घेतली. सातव्या फेरीपासून प्रश्न सोपे करण्यात आले.