समुद्रदेवाचा मान

"टोपी काढ," आजी म्हणाली. "जेवताना डोक्यावर टोपी? न्यूयॉर्कला एवढंही शिकवत नाहीत का रे?"

कीरनने वायटकडे पाहिले. बोटीवर दोघांची खोली एकच होती. बोटीवरच भरणाऱ्या विद्यापीठाच्या तरंगत्या वर्गाचा त्रिनिदादला मुक्काम पडला, म्हणून कीरन त्याला पेनालला, आपल्या आजीच्या घरी घेऊन आला होता. संध्याकाळी पोर्ट ऑफ स्पेनहून बोट सुटायची होती. वायटने नजर ताटाकडे वळवली.

कीरनने टोपी काढली.

आजीच्या हातातला डाव चण्यांच्या भांड्यावर थबकला. "कोण गेलं?" तिचा आवाज एकाएकी बारीक झाला. "आपल्यात मुलगा मुंडण कधी करतो, ठाऊक आहे ना तुला? बाप..."

"आजी, काहीतरीच तुझं!" तो हसला. "बोटीवरची रीत आहे ही. विषुववृत्त ओलांडताना पोरं गोटा करतात. समुद्रदेवाचा मान. वर मेलेल्या माशाचा मुका घ्यायचा."

"माशाचा?"

"ओठांवर."

"शी! आणि याला पैसे भरून शिक्षण म्हणतात." मग डाव वायटच्या खांद्यांवर रुळणाऱ्या सोनेरी केसांकडे वळला. "मग हा कसा सुटला समुद्रदेवाच्या तावडीतून?"

वायटने तोंड उघडले आणि त्यात दालपुरीचा भला मोठा घास कोंबला.

"भित्रा आहे तो," कीरन म्हणाला.

ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या असलेल्या इंद्राआत्याने नळ मोठा सोडला.

सोमवारी आजीच्या हृदयाची शस्त्रक्रिया होती. याआधी दोनदा तारीख मिळाली, आणि दोन्ही वेळा तिने मोडता घातला. बॉयसी डोळ्यांसमोर उभा राहिल्याशिवाय मी टेबलावर झोपणार नाही, हे तिचे एकच पालुपद. बॉयसी म्हणजे कीरनचे वडील. न्यूयॉर्कला ते बस चालवत. आता आणखी पुढे ढकलले तर जिवावर बेतेल, असे डॉक्टरांनी बजावले होते; आणि तोवर तिच्या मनाला धक्का लागता कामा नये. तिचा होकार मिळवण्यासाठी कीरनच्या हाती आजची दुपार तेवढी होती.

तो बसल्या जागी ठरत नव्हता. उठून ओसरीवर गेला. अंगणात बांबूंवर पूजेची जुनी निशाणे फडफडत होती; ऊन-पावसाने लाल कोणते आणि पिवळे कोणते हेही कळेनासे झाले होते. वारा पडला, की ती मान टाकत. पुन्हा सुटला, की जणू कोणी हाक मारल्यासारखी दचकून उठत. तो परत येऊन बसला.

आजी टोपी उलटसुलट करून पाहत होती. "ही बॉयसीची ना? बसवरची?"

"हो."

"दिली, की घेतलीस?"

"घेतली."

"ओरडेल तो. आपल्या वस्तूंना हात लावलेला त्याला कधी खपला नाही." तिने टोपीची कड बोटाने पुसली. "आणि बोटीवर मागाहून चढलास म्हणे?"

"बार्बाडोसला चढलो. घरी थोडं काम होतं."

"आणि त्याला फोन करायला काय झालंय? दोन रविवार झाले. तुझी आईच बोलते. तीही पडसं झाल्यासारखी."

"पप्पांना..." कीरनने पाण्याचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला. "जमलं नाही, आजी."

"मेला जन्मभर बसच हाकणार! घरात रेडिओही नाही. या बाईने दुरुस्तीला नेला, तो नेलाच. सकाळी मयतांची नावं ऐकल्याशिवाय माझ्या घशाखाली चहा उतरत नाही. आता कोण गेलं, कोण राहिलं, मला पत्ता नाही."

"सोमवारनंतर आणते, मा," आत्या वळून न पाहता म्हणाली.

"सोमवारनंतर मीच राहिले नाही, तर माझं नाव तरी कोण ऐकणार?"

छताचा पंखा कुरकुरत राहिला.

"आजी, दवाखान्यात जा," कीरन म्हणाला. "माझ्यासाठी जा. तू बरी होऊन घरी आलीस, की मी लगेच येतो. बोट सोडून येतो."

"तुझं नाही विचारत मी." तिने त्याचे मनगट धरले. "मी बरी झाले, की तो येईल?"

वायटने चमचा खाली ठेवला. नळ बंद झाला.

"हो," कीरन म्हणाला. त्या एका अक्षराला त्याचा अख्खा श्वास लागला.

आजी कितीतरी वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिने त्याचे डोके ओढून छातीशी घेतले आणि त्या खरखरीत टाळूवरून हात फिरवला. "अगदी बॉयसीचं डोकं. मागे असंच चपटं." कानाशी तिचे ओठ हलले. "जाते सोमवारी. सांग त्याला, म्हातारीनं हट्ट सोडला."

"सांगतो."

टोपी त्याने तिच्यापाशीच ठेवली.

आत्याने दोघांना गाडीने बंदरावर सोडले. उतरताना तिने कीरनचा चेहरा दोन्ही हातांत घट्ट धरला, आणि मग गाडी वळवली.

बोट सुटली तेव्हा डोंगरांवर अंधार उतरू लागला होता. कठड्यापाशी उभा राहून कीरन पाहत होता. बेट आधी निळे झाले, मग राखाडी, मग पाण्यावरची एक पुसट रेघ. आत्याला बोट सुटल्याचे कळवावे म्हणून त्याने फोन काढला, आणि खिशात परत ठेवला.

तेवढ्यात ध्वनिक्षेपक खरखरला. "मुलांनो, चार दिवसांनी विषुववृत्त! आपल्यापैकी बहुतेकांचं पहिलंच. समुद्रदेवाला केस द्यायला कोण कोण तयार आहे? हात वर!" डेकवर एकच गलका उठला. मुलांनी एकमेकांच्या झिपऱ्या ओढल्या, मुली किंचाळत अंबाडे झाकू लागल्या. काळ्या, तांबूस, कुरळ्या केसांच्या त्या गर्दीत मुंडण झालेले डोके एकट्या कीरनचे होते. त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या वायटने, त्याच्याकडे न पाहता, आपला हात वर केला.